मागच्या डाव्या चाकाची हवा

पंक्चर काढणाऱ्या माणसाने पंक्चर काढावं, आपले पैसे घ्यावेत आणि गिऱ्हाइकाला मोकळं करावं, यापलीकडे माझी कुठल्याही पंक्चरवाल्याकडून कधी अपेक्षा नव्हती. मामूने ती एवढीशी अपेक्षाही धडपणे कधी पुरी केली नाही. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. मालेगावात वाशीम रोडवर त्याचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी अजून गाडीच्या चाकाशी वाकलो की मला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याचा राग येतो.

सगळं मालेगाव त्याला मामूच म्हणायचं. खरं नाव त्याच्या घरच्यांना ठाऊक असेल. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेची टाकी आणि जमिनीत अर्धं पुरलेलं सिमेंटचं टाकं, काठोकाठ पाण्याने भरलेलं. पाटीवर फक्त 'हवा' एवढंच लिहिलेलं. पंक्चर का नाही लिहिलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "पंक्चर हाये का नाई ते पाह्यल्यावर समजते. पयलेच कायले लिहाचं?" आता अशा माणसाशी काय बोलायचं?

मी किन्हीराजाच्या शाळेत मास्तर. राहायला मालेगावात. घरात मी आणि माझी आई, दोघंच. आयुष्यात पहिल्यांदा नवीकोरी गाडी घेतली होती, पांढरी, छोटी. सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात सकाळी शाळेत जायला निघालो तर मागचं डावं चाक बसलेलं. खिळा दिसेना, काटा दिसेना. मालेगावातल्या एकाने हवा भरून दिली, ती चार दिवसांत गेली. दुसऱ्याने भरून दिली, तीही गेली. जिथून गाडी घेतली तिथे फोन केला, तर ते म्हणाले, नवीन टायर आहे, काही होत नाही, वापरत राहा. शेवटी शाळेतल्या शिपायाने सांगितलं, "सर, मामूकडं न्या. वेळ लावते, पन सोडत नाई." यातला 'वेळ लावते' हा भाग मी नीट ऐकायला हवा होता.

मी गाडी उभी केली आणि म्हणालो, "मामू, हळूहळू हवा जाते. जरा पटकन बघा, शाळा आहे."

मामूने चाकाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "कवापासून जाते?"

"आठ-दहा दिवस."

"आठ का दहा?"

"दहा समजा."

"समजा नाई, मास्तर. त्याच्या आंदल्या दिवशी कुठी गेलते?"

"अकोल्याला. आईचा डोळा दाखवायला."

"गाडीत कोन कोन होतं? कोन कुठी बसलं होतं?"

"मी आणि आई. आई मागे, डाव्या बाजूला. तिचे गुडघे दुखतात, पुढे तिला बसता येत नाही."

"घरी गाडी कशी उभी रायते? तोंड कुठी असते?"

मी घड्याळ पाहिलं. गाडीचं तोंड कुठे असतं याचा हवेशी काय संबंध? पण तो उत्तर घेतल्याशिवाय जागचा हलत नव्हता. म्हणून सांगितलं, की आमचा बोळ अरुंद आहे, उजवी बाजू शेजारच्या भिंतीला लागते, पुढचं डावं चाक नालीच्या फरशीवर जातं आणि मागचं डावं चाक बरोबर आमच्या ओट्याच्या पायरीशी येतं. त्याने सगळं मान डोलवत ऐकून घेतलं. मग उठला, चाकावर तळहाताने तीन-चार थापा मारल्या आणि कान लावला. हवा मोजायचं यंत्र त्याच्याकडे होतं, पण ते तो आपल्या थापेची खात्री करायला वापरायचा. थाप म्हणाली बावीस, यंत्रही म्हणालं बावीस. यंत्राची परीक्षा घेतल्यासारखा त्याने ते ठेवून दिलं. माझा पहिला तास तिथेच बुडाला.

मामूच्या दुकानात काही नियम होते. एका वेळी एकच चाक. घाई हा शब्द काढायचा नाही. काढलाच तर तो म्हणायचा, "घाई असन तं एसटीनं जा," आणि खरोखर स्टँडच्या दिशेला हात करायचा. तिसरा नियम सगळ्यांत कडक होता. चाक एकदा टाक्यातल्या पाण्यात गेलं की कोणी बोलायचं नाही. "बोलू नका. पानी हालते." बोलण्याने पाणी कसं हलेल, हे मी विज्ञानाचा मास्तर असून त्याला कधी समजावू शकलो नाही. चाक पाण्यात धरून तो ते वितीवितीने फिरवायचा आणि बुडबुड्याची वाट पाहायचा. त्या वेळी दुकानात तहसीलचा साहेब असो की भाजीचा टेम्पोवाला, सगळे तोंड मिटून उभे राहायचे.

एकदा माझ्यासमोर नवरदेवाची गाडी आली. पोहरादेवीकडची वरात, फुलांनी मढवलेली गाडी, मागून टेम्पोत बँड. मामूने चाक काढून घेतलं आणि बँडवाल्यांकडे हात करून म्हणाला, "ते बंद करा पयले." बँड बंद. नवरदेवाचा काका ओरडायला लागला, मुहूर्त टळून राह्यला म्हणून. मामू म्हणाला, "मुहूर्त तुमचा हाये. हवा माही हाये." अख्खी वरात टाक्याभोवती चिडीचूप उभी, मधोमध मामू उकिडवा बसलेला. बाभळीचा काटा निघाला. तो त्याने पुसला आणि सरळ नवरदेवाच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली. "हा तुमचा. घेऊन जा." एका हातात कट्यार आणि दुसऱ्या हातात काटा घेऊन तो बिचारा बोहल्यावर गेला असेल.

हा मामूचा शेवटचा आणि सर्वांत विचित्र नियम. चाकातून जे निघेल ते गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचं. खिळा, काटा, काचेचा कपचा, काहीही. ज्यांनी नेलं नाही त्यांचं तो बिस्किटाच्या डब्यांत ठेवायचा. पाच-सहा डबे होते, प्रत्येकावर खडूने रस्त्याचं नाव. किन्हीराजा, अकोला, वाशीम. पोहरादेवीचा डबा यात्रेच्या दिवसांत भरून वाहायचा. हे कशासाठी, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "मानसानं खिळा डोळ्यानं पाह्यला का त्याचं मन साफ होते. नाई पाह्यला तं मंग शेजाऱ्यावर शक घेते, पंक्चरवाल्यावर घेते, सोतावर घेते." मी मनात म्हटलं, पंक्चर काढायला आलो की कीर्तन ऐकायला?

तर माझं चाक. पाण्यात फिरवता फिरवता टायरमध्ये काहीच सापडलं नाही. शेवटी जिथून हवा भरतात त्या वॉलच्या तोंडावर, टोपण काढल्यावर, मोहरीएवढा बुडबुडा आला. फुटला. परत आला. मला हायसं वाटलं. मामूने वॉलची पिन खोलून काढली, नवी बसवली. काम संपलं. पण नाही. जुनी पिन त्याने बोटांत चोळली, नाकाला लावली आणि विचारलं, "मास्तर, तुमी यात तेल टाकता काय?"

"मी कशाला तेल टाकू?"

"मंग पिनीले तेल कसं?"

"तुमच्याच हाताचं असेल."

"माह्या हाताले गिरीस असते. हे एरंडीचं तेल हाये." त्याने ती पिन माझ्या तळहातावर ठेवली. "हवा कुठून जाते ते सापडलं. काहून जाते ते नाई सापडलं. नव्या गाडीचा वॉल असा जात नाई."

मी पिन गटारात फेकली आणि शाळा गाठली. काहून जाते याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

इथे आईच्या डोळ्यांचं सांगायला हवं, नाहीतर एका चाकासाठी मी एवढा का कावलो होतो ते कळणार नाही. साखरेमुळे आईचा एक डोळा आधीच गेला होता. दुसरा राखायचा तर दर महिन्याला त्यात सुई घ्यावी लागे. ती सुई देणारे डॉक्टर अकोल्याला महिन्यातून एकाच मंगळवारी यायचे. तारीख चुकवायची नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. बसच्या पायऱ्या चढताना आई एकदा पडली होती, तेव्हापासून तिने बसचा धसका घेतला होता. म्हणून तर मी गाडी घेतली. गाडी आमच्या घरात आली ती शौकासाठी नाही, एका डोळ्यासाठी आली.

गाडी आली त्या दिवशी आईने चारही बाजूंनी हात फिरवून ती पाहिली. कुठे काय आहे ते बोटांनी समजून घेतलं. "एवढी मोठी वस्तू, अन् हिले चारा नाई, पानी नाई," म्हणाली. तिचं माहेर शेतकऱ्याचं, बैलजोडीचं. मी हसलो आणि विसरून गेलो.

दुसऱ्या तारखेनंतर पाच-सहा दिवसांनी तेच मागचं डावं चाक पुन्हा बसलं. आता मी शहाणा झालो होतो. घरीच स्टेपनी चढवली आणि बसलेलं चाक मामूकडे टाकलं. पुन्हा वॉल, पुन्हा पिन, पुन्हा तेल. पिन बदलून घेतली आणि ते चाक डिकीत टाकलं. मामू मात्र माझ्यामागे लागला. म्हणाला, गाडीचं तोंड फिरवून उभी करत जा, काय होते ते पाहू. बोळात गाडी फिरवायची म्हणजे मला अर्धा तास झटावं लागलं असतं. मी म्हटलं, "मामू, तुम्ही चाकाचं बघा, माझ्या बोळाचं राहू द्या."

"रोग चाकात नाई, मास्तर. जागेत हाये."

मी स्टाफरूममध्ये हे वाक्य मामूच्या आवाजात म्हणून दाखवलं. सगळे खूप हसले.

तिसऱ्या तारखेची सकाळ. अकराचा नंबर. आईला तयार करून सात वाजता बाहेर आणलं, तर मागचं डावं चाक, म्हणजे चढवलेली स्टेपनी, जमिनीला टेकलेली. डिकीतलं चाक काढायला गेलो, तर ते मऊ. मामूने त्यात थोडीच हवा ठेवली होती आणि 'वापरायच्या आंदी भरून घेजा' असं सांगितलं होतं. ते मी सपशेल विसरलो होतो. चढवलेल्या चाकातच पंपाने कशीबशी हवा मारली, गाडी हळूहळू मामूच्या दुकानापर्यंत नेली. आई मागे बसलेली, काळा चष्मा लावून, मांडीवर डॉक्टरच्या कागदांची पिशवी.

"मामू, फक्त हवा भरा. एकही प्रश्न विचारू नका. आईची तारीख आहे."

मामूने थाप मारली, कान लावला. "हे भरलं तं पातूरच्या घाटात बसन. माय गाडीत हाये." आणि त्याने पाना लावला. पिन खोलायला गेला तर ती तेलाने आणि धुळीने अशी चिकटली होती की तुटली, अर्धी आत राहिली. मग अख्खा वॉल काढायचा, त्यासाठी टायर रिमवरून उतरवायचं. आठ वाजले. साडेआठ. डिकीतल्या चाकाला हवा भरून ते चढवा, असं मी म्हणालो, तर ते भरल्यावर पाण्यात पाहिल्याशिवाय तो चढवायला तयार नव्हता. आणि चाक पाण्यात गेल्यावर बोलायचं नाही! मी बोललो. नुसता बोललो नाही, ओरडलो. रस्त्यावरची माणसं थांबली.

"हे कोणीतरी मुद्दाम करतंय," मी ओरडलो. "माझ्या ओट्याशी येऊन कोणीतरी वॉल उघडतंय. जळतात लोक नवी गाडी पाहून. ज्या दिवशी सापडेल ना, हात तोडून ठेवीन त्याचे!"

 मामूने माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि गाडीच्या मागच्या खिडकीशी गेला. "माय, पानी घ्या." आईने चाचपडत हात बाहेर काढला. मामूने पेला तिच्या हातात दिला आणि तिच्या बोटांकडे पाहत तो बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला.  त्यानंतर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या रागाला घाबरला, असं मला तेव्हा वाटलं.

निघायलाच अकरा वाजून गेले, आणि आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. मालेगावातून दुसरी गाडी भाड्याने करता आली असती, हे मला संध्याकाळी घरी आल्यावर सुचलं. पुढची सुई पुढच्या महिन्यात मिळाली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, मधल्या काळात जे गेलं ते परत येणार नाही, आता उरलं आहे ते राखू. आधी आई दारातल्या माणसाचा चेहरा ओळखायची. त्यानंतर ती पावलांवरून ओळखायला लागली.

पण त्याच्या आधी, तारीख चुकली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी बसने शाळेत जाऊन आलो तर मामू आमच्या ओट्यावर. आईच्या शेजारी पायरीवर बसलेला, हातात चहाची बशी. दोघांचं बैलांबद्दल बोलणं चाललं होतं. चारही वॉलना पितळेची घट्ट टोपणं बसवलेली दिसली. पकडीशिवाय निघणार नाहीत अशी आवळलेली. मला पाहून आई आत गेली.

"झालं काम," मामू म्हणाला. "आता जानार नाई हवा."

"काय होतं?"

"खिळा होता."

 "दोन महिने वॉलमधून जाते म्हणत होता ना तुम्ही? तेल काय, जागेत रोग काय. आता खिळा?"

"खिळा होता, मास्तर."

"दाखवा."

"फेकला."

ज्या माणसाने सहा डबे भरून गावाचे खिळे सांभाळले, तो माझा एकटा खिळा फेकतो? माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. किंवा मला तसं वाटलं. "हे सगळं तुम्हीच केलंत," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी तुमच्या हातून वॉल बिघडला आणि मग गिऱ्हाईक परत परत यावं म्हणून हे तेलाचं सोंग काढलं. माझ्या आईची तारीख गेली मामू, तुमच्यामुळे. तुम्ही खोटारडे आहात."

मामूने बशी खाली ठेवली.  तो गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि म्हणाला, "हवा तेहतीस ठिवजा." आणि बोळातून निघून गेला.

त्यानंतर मी त्याला सोडलं नाही. स्टाफरूममध्ये, किराण्याच्या दुकानात, जिथे विषय निघेल तिथे मी मामूची गोष्ट सांगितली. शाळेतले तीन मास्तर त्याच्याकडे जायचे बंद झाले, याचा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? हवा मात्र खरंच परत गेली नाही. त्याचाही मला राग आला. मी तोही मामूविरुद्धचा पुरावा धरला.

आठ-नऊ महिने गेले. एका सोमवारी, दुसऱ्या दिवशी अकोला होतं म्हणून गाडी नेहमीसारखी घरीच होती, मी शाळेतून बसने लवकर आलो. गाडीचं मागचं डावं दार सताड उघडं, आणि आई ओट्याच्या पायरीवर बसून दाराच्या कब्ज्यात, म्हणजे बिजागरीत, काहीतरी करत होती. एका हातात औषधाची जुनी बाटली, दुसऱ्या हातात कापूस गुंडाळलेली काडी. एरंडीच्या तेलाचा वास माझ्यापर्यंत आला.

"आई, काय करतेस?"

"ओंगन टाकून राह्यली. उद्या लांब जाचं हाये ना." तिने बोटाने कब्जा चाचपला, काडी बरोबर खाचेत घातली. "बाबाच्या घरी लांबच्या वाटेले जाचं असलं का बंडीच्या चाकाले ओंगन मीच टाको. कोरड्या चाकानं बैलाले त्रास होते. हे गाडी आली तवा पयले मी चाकात टाको. हे जवळचंच चाक हाताले लागे. त्याचं ते नाकासारखं काळं टोपन काढलं का आत भोक होतं, काडी घातली का फुस्स करे. मले वाटे, पिऊन राह्यलं तेल. मंग तो मामू आला. म्हने, माय, तुमी तेल चांगलं टाकता, पन नव्या गाडीचं ओंगन चाकात नाई रायत, इथी कब्ज्यात रायते. त्यानं माहा हात धरून दाखवलं."

मी पायरीवर बसलो.  पहिली तारीख, दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी, तिला जेवढं हाताला लागत होतं तेवढ्या एका चाकाला, माझी आई तेल पाजत होती. आणि ज्याचे हात तोडून ठेवीन म्हणून मी भर रस्त्यात ओरडलो होतो, ते हात माझ्यासमोर काडी धरून होते.

आईने काडी बाटलीत ठेवली. तिचा आवाज उतरला. "बाबू, एक इचारू? ते तारीख चुकली ना माही... ते माह्या तेलानं तं नसन झालं?"

"छे! काहीतरीच. खिळा होता ना."

"मामू बी तसंच म्हने. पन खिळा कोनं पाह्यला? तू पाह्यला काय?"

"पाहिला."

"ठिवला हाये काय?"

मी काहीतरी पुटपुटलो, मामूकडे असेल, विचारून बघतो. आईने मान हलवली. इतके महिने हे मनात धरून ती दर तारखेच्या आदल्या दिवशी कब्ज्यात तेल घालत होती, हे मला आत्ता कळत होतं. माझी स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

तसाच उठून मामूच्या दुकानात गेलो. तो कोणाच्या तरी मोटरसायकलचं चाक बसवत होता. वर पाहिलं, परत खाली पाहिलं. मी म्हणालो, "मामू, तो आमचा खिळा. आई विचारते आहे."

आता तो ऐकवेल, असं मला वाटलं. ऐकवायला हवं होतं. तो उठला. अकोला लिहिलेला डबा काढला, फडक्यावर उपडा केला आणि शोधायला लागला. लांब खिळे बाजूला सारले. वाकडे सारले. गंजके सारले. शेवटी बोटाच्या अर्ध्या पेराएवढा एक खिळा त्याला पसंत पडला. तो त्याने टाक्याच्या सिमेंटवर घासला, टोक अंगठ्यावर दाबून पाहिलं, परत घासला. आईच्या बोटाला टोचू नये म्हणून तो घासत होता, हे मला जरा उशिरा समजलं. मग त्याने माझा हात ओढला, खिळा तळहातावर ठेवला आणि मूठ मिटली.

"हा तुमचा. घेऊन जा."

घरी येऊन मी तो आईच्या हातावर ठेवला. तिने तो दोन बोटांत धरून फिरवला, माथ्यापासून टोकापर्यंत चाचपला.

"बोथट हाये."

"रस्त्याने घासून घासून झाला असेल."

"एवढासा," ती म्हणाली. "एवढ्याशानं माही तारीख खाल्ली." आणि तिने मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर होते, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने खिळा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग माझ्याकडे तोंड करून, अगदी मी लहान असताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, "म्हंजे मामू खरं बोलला होता. अन् तू त्याले खोटा म्हनला. मी आतून आयकलं होतं."

"हो."

"सकाऊन जाताना पयले त्याची माफी मांग. मंग अकोला."

सकाळी मी गाडी दुकानासमोर उभी केली. आई मागे बसली होती, खिडकीची काच खाली करून. मामू टाक्याशी पाठमोरा उकिडवा बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात.

"मामू," मी म्हणालो, "मी तुम्हाला त्या दिवशी..."

"बोलू नका, मास्तर. पानी हालते."

मी गप्प उभा राहिलो. नियम माहीत होता. बुडबुडा येईल, चाक निघेल, मग बोलू. पण बराच वेळ झाला, चाक फिरवल्यासारखे त्याचे खांदे हलत होते, तरी म्हातारा उठेना. आमची घाई होती, अकराचा नंबर होता. शेवटी न राहवून मी एक पाऊल पुढे गेलो आणि त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. टाक्यात चाक नव्हतंच. नुसते त्याचे दोन हात होते.